अँटेना बसवायला दोन माणसं लागतात

"अख्खं खातं सांभाळतो मी," साहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "एक काडी बसवता येणार नाही मला?"

प्रश्न बायकोला होता. तिने एवढंच सुचवलं होतं की अँटेना बदलायचीच आहे तर गाडी गॅरेजमध्ये न्यावी. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. साहेबांनी या घरात ठोकलेला शेवटचा खिळा भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या कॅलेंडरमधून बाहेर आला होता. पण खातं सांभाळण्याची भाषा सुरू झाली की तिला नवऱ्याचा अभिमान वाटायचा आणि ती गप्प बसायची. त्या दिवशीही बसली.

घरात जी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती ती इथेच सांगून टाकलेली बरी. साहेब हे साहेब नव्हते.

ऑफिसात खातेप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्यालाच मिळणार हे त्यांनी घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की घरच्यांच्या लेखी ती मिळूनच गेली होती. प्रत्यक्षात मिळाली ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका माणसाला, ज्याला फायलीची दोरी कशी बांधायची हेसुद्धा यांनी शिकवलं होतं. खरं सांगायलाच त्यांनी घरी फोन लावला. बायकोने उचलल्या उचलल्या "मिळाली ना?" असं विचारलं, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की साहेबांच्या तोंडून "हो" निघून गेलं. संध्याकाळी घरी पोचतात तो तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर फुलांचा गुच्छ घेऊन जिन्यात उभे. "या, साहेब," म्हणाले. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना साहेब म्हणते. आपणही तेच म्हणू, बिचाऱ्याला तेवढंच समाधान.

जगात एकाच माणसाला त्यांनी खरं सांगितलं होतं. वडिलांना.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचा गाडी शिकवण्याचा क्लास होता, आणि आसपास जो कोणी गिअर टाकतो तो त्यांच्या हाताखालून गेलेला असायचा. माणूस घाबरला की त्याचे कान आधी बंद होतात, असं मास्तरांचं मत होतं, म्हणून शिकवताना ते तोंडाने सूचना देतच नसत. डॅशबोर्डवर बोटातल्या अंगठीची एक टकटक म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. क्लास बंद झाला, गाडी मात्र राहिली. लांबलचक, जुनी, मागच्या डाव्या मडगार्डमध्ये विजेवर चालणारी अँटेना असलेली. रेडिओ लावला की ती काडी आपोआप घूं घूं करत वर यायची आणि बंद केला की तशीच आत जायची. गाडी आता कुठे जात नव्हती. अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी असायची.

रोज संध्याकाळी बापलेक त्या उभ्या गाडीत जाऊन बसायचे. मास्तर ड्रायव्हरच्या जागेवर, साहेब शेजारी. मास्तर रेडिओचं बटण फिरवायचे, आरशातून काडी पूर्ण वर येईपर्यंत बघायचे आणि "लागला" म्हणायचे. मग रेडिओ बोलत राहायचा, साहेब अधूनमधून काहीबाही बोलायचे आणि मास्तर मान डोलवायचे. एका संध्याकाळी साहेबांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, जागा गेल्याचं, फोनवरच्या त्या "हो"चं, दुसऱ्या दिवसापासून त्या कालच्या माणसाला "सर" म्हणावं लागतं त्याचं. सांगता सांगता रडलेही. मास्तर समोरच्या काचेतून बघत राहिले, मग त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होतं असं," ते म्हणाले. "चढावर भल्याभल्यांची गाडी बंद पडते." एवढ्या दोन वाक्यांवर साहेबांनी अख्खा हिवाळा काढला. दिवसभर ऑफिसात "सर" म्हणायचं, रात्री घरात "साहेब" म्हणवून घ्यायचं, आणि या दोहोंच्या मधे त्या गाडीत जेवढा वेळ मिळेल तेवढाच श्वास घ्यायचा.

अशात ती काडी मोडली, आणि मोडली साहेबांच्याच हातून. रेडिओ बंद केल्यावर काडी आत जायच्या आधीच त्यांनी घाईने गाडीवर कव्हर ओढलं आणि काडी कव्हरसकट वाकून मडगार्डवर आडवी झाली. दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी बटण फिरवलं. रेडिओ वाजायला लागला, थोडी खरखर होती इतकंच. मास्तरांनी आरशात पाहिलं. "बंद पडला," म्हणाले आणि दार उघडून उतरले.

"बाबा, लागलाय की," साहेब म्हणाले. तोवर मास्तर जिन्याशी पोचले होते.

त्यानंतर मास्तर गाडीकडे फिरकले नाहीत. बापाचा स्वभाव जात्याच हेकट, त्याला गोष्ट पूर्ण लागते, अर्धवट चालत नाही, असं साहेबांनी स्वतःला समजावलं. पण आता त्यांना ऑफिस ते घर असं थेट यावं लागे, मधे श्वास नाही. त्यांना जेवण जाईना. बायको म्हणाली, जबाबदारीचं पद आहे, ताण येणारच. हे ऐकून उरलेलं जेवणही जाईना.

तेव्हा अँटेना बसणं हे काडीचं काम होतं, पण साहेबांचा जीव त्यात अडकला होता.

नवी काडी डब्यातून आली. तिच्या खालच्या टोकाला प्लास्टिकची एक लांब दातेरी शेपटी होती. डब्यावर कृती लिहिलेली होती आणि ती वाचून साहेबांना कामापेक्षा आपणच मोठे वाटू लागले. मडगार्डवरचा नट काढायचा. रेडिओ चालू करायचा, की आतली मोटर जुनी काडी बाहेर ढकलते. मग नव्या काडीची शेपटी भोकात सोडायची, रेडिओ बंद करायचा, की मोटर तिला आत ओढून घेते. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की या कामाला दोन माणसं लागतात.

"मी बसते रेडिओपाशी," बायको म्हणाली. पण साहेब पाना घेऊन खाली उतरले तेव्हा मास्तर कोट घालून ड्रायव्हरच्या जागेवर आधीच बसले होते. आपल्याखेरीज कुणाला त्या जागेवर बसू देणं त्यांना मान्य नव्हतं. बायको वर गॅलरीत जाऊन उभी राहिली. सुट्टीचा दिवस होता, आभाळ भरलेलं होतं, आणि इमारतीतल्या बाकीच्यांनाही करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

साहेबांनी खिडकीपाशी वाकून वडिलांना सगळी योजना समजावली. मी चालू म्हणालो की चालू, बंद म्हणालो की बंद, मधे हात लावायचा नाही. मास्तरांनी मान डोलावली. मास्तरांची मान डोलावण्याची पद्धत फार आश्वासक होती.

नट निघाला. साहेबांनी वाकडी काडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चालू करा," ते म्हणाले. काही झालं नाही. "चालू," ते जरा मोठ्याने म्हणाले. मास्तर समोर भिंतीकडे बघत होते. साहेब काडी सोडून पुढे गेले, खिडकीतून हाताने बटण फिरवल्यासारखं करून दाखवलं आणि परत मागे येऊन काडी धरतात तोच मोटर सुरू झाली. काडी अडकली होती म्हणून साहेबांनी जोर लावला, मोटरनेही लावला, आणि दोघांचा जोर एकदम कामी आल्यावर साहेब काडी छातीशी धरून दातांच्या डॉक्टरांच्या कुंड्यांत बसले.

डॉक्टर बाहेर आले. "मुळासकट निघाली," ते शेपटी निरखत म्हणाले. कुंड्यांकडे त्यांनी पाहिलं, पण साहेबांना काही बोलायचं कसं, म्हणून तो विषय त्यांनी टाळला.

इकडे रेडिओ सुरू झाला होता. पोटाच्या विकारांवर कोणी तज्ज्ञ बोलत होते. साहेब नवी काडी घेऊन भोकाशी वाकले, आणि तज्ज्ञांचा आवाज वाढला. थोड्या वेळाने आणखी वाढला. मग इतका वाढला की डिकीचं झाकण थरथरायला लागलं. बद्धकोष्ठतेने त्रस्त माणसाने सकाळी उठल्यावर काय करावं आणि काय करू नये, हे चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू जाऊ लागलं. ज्यांच्या खिडक्या बंद होत्या त्यांनी उघडल्या. गॅलरीतून बायको हातवारे करत होती. आणि या सगळ्या गदारोळाच्या मधोमध बसलेल्या मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे वळून विचारलं, "लागला का रे रेडिओ?"

साहेबांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. ते ओरडून काहीतरी म्हणाले, पण तज्ज्ञांपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांनी शेपटी भोकात सरकवली, आत कुठेतरी दाताला दात लागल्यासारखं वाटलं, आणि ते "थांबा, आत्ता बंद करू नका" असं म्हणत होते तेवढ्यात मास्तरांनी रेडिओ बंद केला. मोटरने शेपटी आत ओढली. शेपटीबरोबर साहेबांच्या शर्टाची बाही ओढली. बाहीचं बटण भोकाच्या तोंडाशी जाऊन रुतलं, मोटर कर्र करून अडली, आणि साहेब मनगटाने मडगार्डला खिळले.

एकदम शांतता पसरली. आता अंगणात पान पडलं असतं तरी ऐकू आलं असतं.

"बाबा, चालू करा," साहेब म्हणाले. त्यांच्यात आणि मास्तरांत एका गाडीचं अंतर होतं. मास्तरांच्या बाजूची काच खाली होती. "बाबा," ते मोठ्याने म्हणाले. मग ओरडले. मग असे ओरडले की गल्लीतलं एक कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. मास्तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आरशात बघत होते. आरशात काडी नव्हती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

वैतागून साहेबांनी मोकळ्या हाताची मूठ डिकीवर आपटली. एकदाच.

मास्तरांनी तत्काळ बटण फिरवलं. मोटर उलटी फिरली, शेपटी बाहेर आली, आणि बाही अर्धी फाटून साहेब सुटले.

सुटलेला माणूस खरं तर बाजूला होतो. साहेब तिथेच उभे राहिले. पोटाचे तज्ज्ञ पुन्हा बोलत होते, डॉक्टर शेपटीचे मोटरने झिजवलेले दात मोजायला वाकले होते, आणि साहेबांना काहीच ऐकू येत नव्हतं. हाक ऐकली नाही, पण पत्र्यावरची एक टकटक पाठीला कळली. रेडिओ कानठळ्या बसवत होता तेव्हा म्हातारा लागला का म्हणून विचारत होता, कारण काडी दिसत नव्हती. काडी दिसली तरच याला रेडिओ लागतो. मास्तरांनी जन्मात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ऐकू येणं कधी बंद झालं हे घरात कुणालाच कळलं नव्हतं.

मग ती संध्याकाळ? ते गुडघ्यावर हात ठेवणं? चढावर बंद पडलेली गाडी? ज्या दोन वाक्यांवर आपण हिवाळा काढला ती कशाला उत्तर म्हणून आली होती, हे आता त्यांना कोणी सांगू शकणार नव्हतं.

"साहेब, बसवून टाकू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दवाखान्यातून दात उपटायची पकड आणली होती. त्यांनी शेपटी धरली, साहेबांनी यंत्रासारखी डिकीवर दोनदा टकटक केली. मास्तरांनी रेडिओ बंद केला. काडी आत गेली. साहेबांनी नट आवळला. गल्लीत या कामाची वाहवा करणारं कोणी असतं तर त्याने या क्षणी टाळी वाजवली असती. डॉक्टर हात पुसत कुंड्यांकडे वळले.

साहेब पुढे जाऊन वडिलांच्या खिडकीशी उभे राहिले. आपला कान दाखवला. मग हात हलवून विचारलं, कधीपासून?

मास्तरांनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "गेल्या पावसापासून," ते म्हणाले. "आधी एक गेला. दुसराही त्याच्या मागे गेला. आता अगदी कानाशी येऊन कोणी ओरडलं तर लागतं काहीतरी."

सांगायचं नाही का, असं साहेबांनी तोंडाने म्हटलं. मास्तरांना ते ओठांवरून कळलं असावं.

"सांगितलं असतं तर तू बोलायचा थांबला असतास," मास्तर म्हणाले. "ऐकू येत नाही त्याच्याशी कोण बोलतं? काडी वर गेली की मला कळायचं, रेडिओ लागला, आता तू बोलशील. तू बोलतोस ते दिसतं मला. बरं वाटतं." मग त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं. "एकदा रडत होतास. काय झालं होतं रे तेव्हा?"

साहेबांना सांगायचं नव्हतं. पण हा प्रश्न जगात एवढा एकच माणूस विचारत होता. त्यांनी खिडकीत डोकं घातलं आणि वडिलांच्या कानाशी हळूच सांगितलं.

"काय?" मास्तर म्हणाले.

साहेबांनी थोडं मोठ्याने सांगितलं. मास्तरांनी कानामागे हात धरला. आणखी मोठ्याने सांगितलं. मास्तर दिलगीर होऊन मान हलवत राहिले, आणि त्या दिलगीर चेहऱ्याकडे बघता बघता साहेबांच्या आत कित्येक महिने अडलेलं काहीतरी सुटलं. त्यांनी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"मी साहेब झालो नाही, बाबा! मला ती जागा मिळालीच नाही! सगळ्यांना खोटं सांगितलंय मी!"

पोटाच्या विकारांसाठी उघडलेल्या खिडक्या अजून कोणी लावल्या नव्हत्या. कुंड्यांतली माती सारखी करणारे डॉक्टर होते तसेच वाकून राहिले. सरळ झालो तर काहीतरी बोलावं लागेल, हे त्यांना कळत असावं.

मास्तरांना या वेळी ऐकू गेलं. त्यांनी दचकून मुलाचा दंड धरला. "अरे, हळू," ते म्हणाले. "सूनबाईला कळेल."

साहेबांनी वर पाहिलं. गॅलरीत सूनबाई होती. मग नव्हती. जिन्यावर चपला वाजू लागल्या, आणि प्रत्येक मजल्याला साहेबांचं वय थोडं थोडं वाढत गेलं. ती येऊन समोर उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राग असता तर साहेबांना त्याची सवय होती.

"बाबांना सांगितलंत," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलं?"

फाटकी बाही लोंबत होती. साहेबांनी बराच विचार केला, पण खोटं असं आता काही सुचेना.

"तू ऐकलं असतंस," ते म्हणाले.

ती गाडीचं मागचं दार उघडून आत बसली. ती कधीच या गाडीत बसायला येत नसे, ते बापलेकांचं आहे असं मानायची. साहेबांना घरात जायचं धाडस नव्हतं आणि बाहेर उभं राहायचं त्याहून नव्हतं, म्हणून तेही वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. मास्तरांनी आरशातून सुनेला पाहिलं, पाठ सरळ केली आणि रुबाबात बटण फिरवलं.

घूं घूं करत नवी काडी मडगार्डमधून निघाली. चकचकीत होती. अर्ध्यापर्यंत आली आणि झिजलेल्या दातांवर अडखळून तिथेच थांबली. मोटर थोडा वेळ कुरकुरली, मग तिनेही नाद सोडला. रेडिओचा आवाज मघाशी होता तिथेच होता. कार्यक्रमाच्या शेवटी तज्ज्ञ श्रोत्यांना काळजी घ्यायला सांगत होते आणि त्या आवाजाने मागची काच हादरत होती. इमारतीतल्या खिडक्या एकेक करून लागत होत्या.

मास्तर आरशातल्या अर्ध्या काडीकडे बघत राहिले. मग सुनेच्या दिशेने मान किंचित वळवून, अनुभवी माणसाच्या सुरात म्हणाले, "अर्धीच वर आली. त्यामुळे जरा कमी ऐकू येतंय."

साहेबांनी काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मागून हात पुढे आला. तिने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना ओठ दिसतील अशी पुढे वाकून, सावकाश म्हणाली, "हो, बाबा. मलाही कमीच येतंय."

मास्तरांनी मान डोलावली. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत बसले. या घरात आपण एकटेच खोटं बोलतो असं त्यांना इतके दिवस वाटत होतं, आणि त्यातसुद्धा त्यांना पहिला नंबर मिळाला नव्हता.